चोरीला न जाणारी चप्पल

देवळाबाहेर चपला काढताना प्रत्येकाच्या मनात थोडी धाकधूक असते. जोड नवा असेल तर शहाणा माणूस एक चप्पल या कोपऱ्यात आणि दुसरी त्या कोपऱ्यात ठेवतो. पण एक चप्पल अशी आहे की तिच्या मालकाला ती काळजी नाही. शेगावला गर्दीच्या दिवशीसुद्धा ती जिथे काढली तिथेच सापडते. चोरही तिला ओळखतो आणि वळसा घालून जातो.

तिचं नाव एमसीआर. मायक्रो सेल्युलर रबर हे पूर्ण नाव रजिस्टरात. लोकांच्या तोंडी ती 'दवाखान्याची चप्पल'. तालुक्याचं ठिकाण संग्रामपूर, पण ग्रामीण रुग्णालय वरवट बकालला. त्यामुळे सोनाळा, टुनकी, पातुर्डा अशा गावांतल्या दुखऱ्या, सुजल्या, चिघळल्या पायांना कधी ना कधी वरवटची वाट धरावीच लागते. त्यातल्या काही पायांत ही असते. रंग बहुधा काळा नाहीतर मातकट तपकिरी. पंजा रुंद, वर दोन जाड पट्टे, पट्ट्यांना चिकटपट्टी, टाचेमागे आणखी एक पट्टा. ऐट म्हणाल तर शून्य. दुकानात मांडली तर भाव विचारायलाही कुणी थांबणार नाही.

पण हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली की तिच्यात किती विचार केलेला आहे ते कळतं. सगळ्या अंगावर एकही खिळा नाही. सारं काम चिकटवून आणि शिवून केलेलं. साध्या चपलेचा खिळा वर आला तर आपण दोन पावलांत 'आई गं' म्हणून थांबतो. हिचा मालक थांबत नाही. त्याला खिळा टोचल्याचं कळतच नाही, तो बाजार करून, एसटी पकडून, घरी जाऊन पाय धुताना बघतो. टाचेमागचा पट्टाही त्याचसाठी. बधिर पायातून चप्पल निसटली तरी पायाला पत्ता नसतो. चप्पल चिखलात राहते आणि माणूस चार शेतं पुढे गेलेला असतो. खालचा तळ टणक, कारण या भागात बाभळीचा काटा साध्या रबरी स्लिपरमधून सरळ आरपार येतो. आणि आतला थर, जो हिचा खरा जीव, तो मऊ. अंगठ्याने दाबला तर दबतो, सोडला तर परत फुगतो. शोअर मापात त्याचा कडकपणा पंधराच्या आसपास असावा लागतो. त्याहून कडक असला तर पायाला खुपेल, फार मऊ असला तर महिन्याभरात चेपून पत्रावळीसारखा होईल.

ही चप्पल ज्या पायासाठी जन्मली तो पाय कसा असतो, ते सांगितल्याशिवाय हिचा स्वभाव कळणार नाही. आपण उभे असतो तेव्हा दर काही क्षणांनी नकळत भार बदलतो. डावा पाय अवघडला की उजव्यावर येतो. लांब चालून तळव्यावर एखादी जागा लाल झाली की चाल आपोआप बदलते, थोडं लंगडतो, ती जागा वाचवतो. हे सगळं शिरांचं, म्हणजे मज्जातंतूंचं काम, आपल्याला विचारून होत नाही. कुष्ठरोगात त्या शिरा मरतात. जुन्या मधुमेहातही मरतात, हळूहळू, बोटांकडून वर. मग पाय लंगडायचा विसरतो. आषाढात निंदणाला वाकून उभं राहिलं तरी त्याच जागेवर भार, दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचत ओळीमागून ओळ सरकलं तरी त्याच जागेवर. अंगठ्याच्या मुळाशी कातडी जाड होते, कुरूप होतं, कुरुपाखाली रक्त साकळतं, आणि एक दिवस ते फुटून तिथे भोक पडतं. दुखत नाही. संध्याकाळी सारवलेल्या जमिनीवर ओला ठसा उमटतो तेव्हा घरातलं दुसरंच कुणीतरी विचारतं, "पायाले काय झालं?"

जखम झाली की पुढचं सगळं जखमेभोवती फिरतं. हळद, कडुनिंबाचा पाला, मेडिकलमधलं पिवळं मलम, पावडर, गोळ्या, दवाखान्यातली पट्टी. पट्टीने जखम आवळत येते, माणूस खूश होऊन वावरात जातो, आणि पंधरा दिवसांत तीच जागा पुन्हा फुटते. मग मलम बदलायचं. मलमाचा दोष असता तर तो मलम बदलून गेला असता. दोष चालण्यात आहे, आणि चालणं कुणी बदलत नाही.

हे नवं ज्ञान नव्हे. डॉ. जोसेफ खान यांनी १९३९ मध्ये 'लेप्रसी इन इंडिया' या नियतकालिकात कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरच्या जखमा प्लास्टर घालून बऱ्या केल्याचं लिहिलं. पायाला प्लास्टर, आणि माणूस चालता. भार सगळ्या पायावर सारखा वाटला गेला की जखम भरते. त्याआधी समज असा होता की हे मांसच कुजकं, रोगानेच सडलेलं. ते भरून येणारच नाही. तमिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले इंग्रज शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी तो समज पुरता मोडला. बधिर पायाचं मांस इतर कुणाच्याही मांसाइतकंच भरतं, त्याला विश्रांती तेवढी मिळत नाही, हे त्यांनी आणि करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्रातल्या सहकाऱ्यांनी रुग्णामागून रुग्ण तपासून दाखवलं. मग प्रश्न उरला घरी परतलेल्या माणसाचा. प्लास्टर कापून घरी पाठवलेला माणूस अनवाणी चालला की महिन्यात परत. त्या प्रश्नातून पन्नास-साठच्या दशकांत ही चप्पल घडली. म्हणजे हिचं माहेर आपल्याच देशातलं. अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात ब्रँड गेले ते नंतर, १९६६ मध्ये. प्लास्टरची आणि पादत्राणांची ही विद्या ते सोबत घेऊन गेले, आणि तिथे ती मधुमेहाच्या पायांना लागू पडली. आज जगभरच्या मधुमेहाच्या दवाखान्यांत तळव्याच्या जखमेवरून भार काढण्याचं जे शास्त्र शिकवतात, त्याचं एक मूळ दक्षिण भारतातल्या कुष्ठरुग्णांच्या पायांत आहे. परदेशात शिकायला गेलेली आपली पोर मोठ्या नावाने परत यावी आणि घरात तिला कुणी ओळखू नये, तसं हे झालं.

तिथे या विद्येची परीक्षाही कडक झाली. २००१ मध्ये डॉ. डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या जखमा असलेल्या ६३ जणांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटलं. पूर्ण प्लास्टर घातलेल्यांपैकी १२ आठवड्यांत जवळजवळ ९० टक्के बरे झाले. काढता येणाऱ्या बुटात ६५ टक्के, अर्ध्या बुटात ५८. गंमत पुढे आहे. काढता येणारा बूट भार कमी करण्यात प्लास्टरहून फारसा मागे नव्हता. मग गुण का कमी? २००३ मध्ये त्याच मंडळींनी रुग्णांच्या कमरेला आणि बुटाला पावलं मोजणारी यंत्रं लावली. उत्तर मिळालं: दिवसाच्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचालीत तो बूट पायात होता. बाकीचा वेळ तो दाराशी. २००५ मध्ये कुणीतरी मग त्याच बुटावर वरून पट्टी गुंडाळून तो काढताच येणार नाही असा केला, आणि गुण प्लास्टरइतका आला. जगातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आज न काढता येणारं साधनच पहिल्या क्रमांकावर आहे.

२८ टक्क्यांचा तो आकडा वाचताना मला आधी आमच्या भागातली घरं आठवतात, घरांच्या ओसऱ्या आठवतात. अमेरिकेतला माणूस जिथे बूट घालूनच सोफ्यावर बसतो, तिथे २८ टक्के. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. चुलीपाशी नाही, देवघरात नाही, धान्याच्या कोठीपाशी नाही. वरवटहून शेगावला पायी जाणारे किती तरी जण अनवाणी जातात, नवस असतो. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर साधा माणूस टुणटुण उड्या मारत सावलीकडे पळतो. बधिर पायाचा माणूस शांतपणे दर्शनाच्या रांगेत उभा राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड. ही चप्पल कितीही गुणी असो, दिवसातला निम्मा वेळ तिला बाहेरच बसावं लागतं. तिने तक्रार करायची कुणाकडे?

आणि तिचा एक दुर्गुण आहे. ती चुगली करते.

ती घालून माणूस गल्लीतून निघाला की ओट्यावरच्या बायका पाय बघतात आणि मग तोंड. एका चपलेने घरातल्या पोरीचं लग्न अडू शकतं, हे बोलून कुणी दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. कुष्ठरोगावरचं औषध १९८० च्या दशकापासून या राज्यात घरोघर पोचलं, जंतू मरतात, रोग जातो, लागण थांबते. चप्पल मात्र पंचवीस वर्षांनीही सांगत राहते की या घरात काय झालं होतं. मग तिच्या वाट्याला काय येतं? ती दवाखान्यात जायच्या दिवशी पिशवीत बसून येते. गावच्या शिवेपर्यंत साधी स्लिपर, शिवेच्या पलीकडे ही. काही घरांत ती खाटेखाली नवीकोरी पडून असते, कारण शिबिरात 'नको' म्हणणं बरं दिसत नाही. पायाशी ती प्रेमळ, गावाशी बोलघेवडी. ज्यांनी तिची कडकपणाची मापं ठरवली त्यांनी तिच्या तोंडाला कुलूप लावायचा विचार फारसा केला नाही.

चुगली करणारी म्हणून तिला नाकारावं, तर दुसऱ्या दाराशी तिच्यासाठी रांग हवी होती. ते दार मधुमेहाचं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये देशात मधुमेहाची माणसं १० कोटींच्या वर असल्याचं सांगितलं. वऱ्हाडातल्या खेड्यातही 'शुगर' हा शब्द आता सर्दीइतका घरगुती झाला आहे. गोळ्या मिळतात, रक्त तपासतात, रक्तदाब बघतात. पण कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बधिर पायासाठी या चपलेची जशी तरतूद आहे, तशी मधुमेहाच्या कार्यक्रमात नाही. एकाच ओट्यावर दोन म्हातारे बसलेले असतात. दोघांचे तळवे तितकेच बधिर, दोघांच्या अंगठ्याखाली तितकंच कुरूप. एकाला चप्पल सरकार देतं आणि तो लाजेने घालत नाही. दुसऱ्याला लाज नाही, पण त्याला ती मिळत नाही. दोघांचे पाय एका वाटेने चाललेले, कागद दोन फायलींत.

पहिल्या म्हाताऱ्याचं, म्हणजे कुष्ठरोगाचं, रजिस्टरही मोठं चमत्कारिक आहे. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठरवलं की दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले की कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' झालं म्हणायचं. भारताने ते डिसेंबर २००५ मध्ये गाठलं. पण यात रुग्ण म्हणजे औषध चालू असलेला. औषधाचा डोस संपला की नाव कटतं. शीर मेलेली राहते, पाय बधिर राहतो, जखम नंतर दहा वर्षांनी होते आणि तेव्हा हा माणूस कुणाच्याच यादीत नसतो. जंतू मोजले, पाय मोजले नाहीत. कुष्ठरोग तंत्रज्ञाला आपल्या भागातले जुने पाय तोंडपाठ असतात म्हणून बरं; तो निवृत्त झाला की ती यादीही त्याच्याबरोबर घरी जाते.

पायांकडच्या या दुर्लक्षात आपल्या संस्कारांचाही वाटा आहे, असं मला वाटतं. जखम धुण्याला आपल्याकडे पुण्य आहे. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करणारे गांधीजी, ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. अमरावतीला १९४६ मध्ये दाजीसाहेब पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी आनंदवन. या माणसांची थोरवी कमी करण्याचा प्रश्नच नाही. त्यांनी कुष्ठरुग्णांना पुन्हा माणसांत आणलं. पण जखमेपुढे वाकलेला माणूस जितका मनात ठसतो, तितका जखम होऊ नये म्हणून पावलाचं माप घेणारा ठसत नाही. तेच गांधीजी दक्षिण आफ्रिकेत उत्तम चपला शिवत. जनरल स्मट्स यांना त्यांनी आपल्या हातचा जोड दिला होता. एकाच माणसात दोन्ही कसबं होती. आपण एकाचंच चित्र भिंतीवर लावलं.

बाजाराचा हिशेबही तसाच. मलमाला कंपनी असते, प्रतिनिधी असतो, त्याच्याकडे चकचकीत पत्रकं असतात. चंदेरी पट्टी, जेल, फेस, नाना तऱ्हा. मधुमेहाच्या पायाच्या जखमांवरच्या पट्ट्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये घेतला, तेव्हा महागडी पट्टी साध्या पट्टीहून सरस असल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. कुष्ठरोगातल्या जखमांवरचा आढावा २०१९ चा. सगळ्या जगातून चौदा अभ्यास हाती लागले, सगळे रुग्ण मिळून हजारसुद्धा नव्हते. ज्या आजाराचं सगळ्यांत मोठं ओझं भारताच्या खांद्यावर, त्याच्या जखमांवर एवढाच अभ्यास. चपलेला कुणी विकणारा नाही, म्हणून तिच्यावर चाचणी करायला कुणी पैसे लावत नाही. पुरावा कमी म्हणून तरतूद तोकडी, आणि तरतूद तोकडी म्हणून पुन्हा पुरावा गोळा होत नाही.

तिच्याकडून भलत्या अपेक्षाही नकोत. जखम उघडी असेल तर चप्पल ती भरत नाही. तिथे प्लास्टर किंवा खरीखुरी विश्रांती लागते. पाय थंड पडला असेल, रक्त पोचत नसेल, सूज चढून ताप आला असेल, तर प्लास्टरही नाही, सरळ मोठा दवाखाना. आणि जुलैतल्या काळ्या चिखलात गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून डवऱ्यामागे कोण चालणार? जगाच्या सूचना ज्यांनी लिहिल्या त्यांनी फरसबंदी रस्ते डोळ्यांपुढे ठेवले होते. इथली जमीन उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेते. इथे काय चालेल ते इथेच बघावं लागेल, आणि बघताना जखम किती मिलिमीटरने आवळली एवढंच मोजून भागणार नाही. चप्पल किती तास पायात होती, वर्षात जखम पुन्हा फुटली का, किती दिवसांची मजुरी बुडाली, हे मोजलं तर वावरातल्या बाईला त्या अभ्यासाचा अर्थ कळेल.

तपासायला लागतं तरी काय. कुष्ठरोगात साध्या बॉलपेनने तळव्याच्या ठरावीक जागांवर हलकेच दाबून, डोळे मिटलेल्या माणसाला जागा दाखवायला सांगतात. मधुमेहात दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा असतो, तो वाकेपर्यंत टेकवायचा आणि विचारायचं, "कळलं का?" एका पायाला पाच मिनिटं. ज्याला कळलं नाही त्याला चप्पल, मग रोगाचं नाव काही का असेना. हा एवढा बदल केला तर तिची चुगली आपोआप बंद पडते. गावात अर्ध्या शुगरवाल्यांच्या पायांत तीच चप्पल दिसू लागली, तर ती कुणाविषयी काय सांगणार?

राहिलं तिचं रूप. मऊ थर आणि टणक तळ तेवढे जपले, खिळा टाळला, की वरचं कातडं बाजारात बसणाऱ्या कारागिराने हवं तसं शिवावं. बाईसाठी वेगळी, म्हाताऱ्यासाठी वेगळी, बोटं झडलेल्या पायासाठी मापाची. घरात वापरायला एक धुतलेला, स्वच्छ, वेगळा जोड द्यावा. चुलीपाशी चालेल असा. देवळाचं काय करायचं ते मला सुचत नाही, जाड मोजे हा एक उपाय डॉक्टर सांगतात. मऊ थर रोजच्या वापराने काही महिन्यांत चेपतो, तेव्हा एक जोड देऊन वर्षभर विसरता येत नाही. आणि वाटपाचं शिबिर मृग लागायच्या तोंडावर घ्यावं. पेरणी झाली की निंदण, डवरणी, फवारणी, वेचणी अशी कामं एकामागून एक येतात. माणूस फेब्रुवारीपर्यंत वावरातून उठत नाही, आणि आर्थिक वर्ष संपतंय म्हणून मार्चमध्ये वाटलेला जोड हाती येतो तोवर त्या हंगामाची जखम झालेली असते.